प्लेटलेटवाल्या चौबळबाई

चौबळबाईंनी मला नोकरी दिली ती माझे मार्क बघून नव्हे, माझं डोकं दुखत नाही म्हणून. तुर्भ्याच्या त्या औषध कंपनीत मी मुलाखतीला पोचले तेव्हा साडी घामाने पाठीला चिकटली होती आणि कराडहून जपून आणलेली सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीतही दमट झाली होती. बाईंनी ती पिशवी उघडलीसुद्धा नाही. डोकं दुखतं का कधी, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. दुखलंच तर काय करतेस? म्हटलं, बाम चोळून झोपते. गोळी? गोळी नाही घेत. बाईंचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं आपल्या हातून नकळत काहीतरी मोठं काम झालं असावं. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "आणि येताना तळलेलं काही खाऊन येऊ नकोस."

मी बाहेर पडले आणि फाटकापाशी उभी राहून विचार करायला लागले की आपल्याला लॅबमध्ये घेतलंय की कसल्या व्रताला बसवलंय.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. खाडीवरचा पूल नवा होता आणि वाशी म्हणजे चिखलात उभ्या केलेल्या चार-दोन सेक्टरांचं गाव होतं. दूध मिळालं तर भाजी मिळायची नाही, भाजी मिळाली तर बस मिळायची नाही. सकाळी पावणेआठला कंपनीची निळी बस यायची, तिच्यात दोघांचा एक बाक बाईंनी स्वतःच्या पिशव्यांना दिलेला असायचा. बस सुटली की बाई उठायच्या आणि दांड्याला धरून धरून बसभर फिरायच्या. उंची पाच फुटाला थोडी कमी, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि बस खड्ड्यात गेली की कुणाच्याही मांडीवर बसायची तयारी. प्रत्येकाला एकच प्रश्न: "दहा दिवसांत गोळी घेतली का?"

कारण डोकेदुखीची ती साधी गोळी एकदा पोटात गेली की रक्तातल्या प्लेटलेट आठ-दहा दिवस नीट वागत नाहीत. बाईंना रोज सकाळी ताजं रक्त हवं असायचं, तेही नीट वागणारं. त्यामुळे कंपनीतल्या दोनशे माणसांपैकी कुणाचं डोकं कधी दुखलं याची बाईंकडे वही होती. त्या वहीवरून कुणाकडे सासू आलीय, कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणाचा बढतीचा अर्ज परत आलाय, हे बाईंना आपोआप कळायचं. त्यांनी त्याचा कधी वापर केला नाही. त्यांना फक्त रक्त हवं होतं.

बाई एम.बी.बी.एस. होत्या. दोन वर्षं दवाखाना चालवून त्यांनी तो बंद केला होता. माणसांशी त्यांचं पटायचं, पण माणसं आजारी असली की त्यांना बोलू द्यावं लागतं, आणि ते बाईंना जमण्यातलं नव्हतं. प्लेटलेटना पाठ्यपुस्तकात बिंबिका म्हणतात. बाई त्यांना पोरी म्हणायच्या. "पोरी आज रुसल्यात", "पोरींना थंडी वाजतेय", "हा कोण मेला, पोरींची नळी काचेची आणली?" प्लेटलेट काचेला चिकटतात म्हणून सगळं प्लॅस्टिकचं लागायचं, आणि फ्रीजमध्ये ठेवल्या तर वाकड्यातिकड्या होतात म्हणून आमच्या लॅबमधला फ्रीज हा फक्त बाईंच्या ताकासाठी होता. एकदा स्टोअरच्या नव्या माणसाने भलेपणाने पोरींची बाटली फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. बाईंनी ती बाहेर काढली. बाटली दोन्ही तळव्यांत धरून तिच्याकडे बघत बसल्या, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी उभं केलं. सेंट्रीफ्यूजमध्ये हळू फिरवल्यावर तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्यात पोरी असतात. ती नळी त्यांनी उजेडासमोर धरून जराशी हलवली. आत रेशमी कापड हलावं तशी झळाळी फिरली. बाई म्हणाल्या, पोरी चपट्या आहेत, टिकल्यांसारख्या, म्हणून उजेड असा खेळतो. मग त्यांनी सेरोटोनिनचा एक थेंब टाकला आणि पुन्हा नळी हलवली. झळाळी गेली. साधं गढूळ पाणी राहिलं. टिकल्यांचे चेंडू झाले होते, अंगाला काटे फुटलेले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी चकित झाले याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरी नळी घेऊन सगळं पुन्हा करून दाखवलं.

मग समजावणं सुरू झालं, आणि ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. सेरोटोनिन तयार होतं मुख्यतः आतड्यात. पोरींना ते स्वतःला करता येत नाही. रक्तातून जाता जाता त्या ते उचलतात, पोटातल्या बारीक पिशव्यांत भरून ठेवतात आणि हिंडतात. कुठे रक्तवाहिनीला इजा झाली की पिशवी उलटी करतात. सांडलेलं सेरोटोनिन शेजारणींना लागतं, त्या फुगतात, जवळ येतात. पण गंमत अशी की एकट्या सेरोटोनिनने फार काही होत नाही. वाशीत मी राहत होते त्या सोसायटीची सभा बाईंनी मला आठवायला सांगितली. सेक्रेटरी शिट्टी वाजवतो तेव्हा काय होतं? लोक दार उघडतात, जिन्यापर्यंत येतात, चार शब्द बोलतात आणि परत आपापल्या घरात जातात. तेच कुणी पाणी आलं म्हणून ओरडलं आणि त्याच वेळी शिट्टी वाजली, तर सगळी इमारत खाली. सेरोटोनिन म्हणजे शिट्टी. तिच्या जोडीला दुसरं कुणी ओरडलं की मग गुठळी, आणि गुठळी हृदयाच्या नळीत झाली की माणूस आडवा. ही शिट्टी पोरींना ऐकूच येऊ नये असं एक औषध बाई शोधत होत्या. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, एक्केचाळीस.

आमचं मापायचं यंत्र बाईंनी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बसून बनवून घेतलं होतं. एक दिवा, समोर उजेड मोजणारा डोळा, मध्ये कोमट पाण्यात उभी केलेली नळी, आणि नळीत ढवळायला बाईंच्याच केसातल्या आकड्याचा तुकडा, वर प्लॅस्टिकची नळी चढवलेला. शेजारी सरकत्या कागदावर एक पेन. सेरोटोनिन पडलं की पेन आधी जरासं खाली जायचं, मग छोटीशी टेकडी चढून परत यायचं. बाई ती टेकडी बघताना दरवेळी स्वतःही टाचा उंचावायच्या. मी चार वर्षं बघितलं, एकदाही चुकल्या नाहीत.

रक्त देणाऱ्यांत त्यांचा सगळ्यात लाडका होता नामदेव पाटील. कोपरखैरण्याच्या गावठाणातला, जमीन नव्या शहरात गेलेली, आमच्याकडे बॉयलरवर कामाला. त्याने जन्मात गोळी घेतली नव्हती आणि सकाळी भाकरी-भाजीशिवाय काही खाल्लं नव्हतं. सुई बघून मात्र तो डोळे गच्च मिटायचा. एकदा त्याने बाईंना सांगितलं, "बाय, माजा रगात पाहिजे तवडा घ्या, पन घरी नका सांगू. आमची बायको बोलते, जमीन घेतली, आता रगात पन घेतान." बाई हसता हसता खुर्चीवरून सरकल्या. त्या दिवसापासून नामदेवला रक्त दिल्यावर दोन उकडलेली अंडी मिळायला लागली, ती बाई घरून आणायच्या.

तळलेलं खाऊन आलेल्या माणसाचं पिवळं पाणी दुधासारखं पांढरं निघतं. त्यातून उजेड जात नाही आणि काम बुडतं. त्यामुळे बाईंपुढे कुणाचंही पोट झाकलेलं राहत नसे. हिशेब खात्यातले एक गृहस्थ श्रावण अगदी कडक पाळायचे, म्हणजे पाळतो असं बसमध्ये सगळ्यांना ऐकवायचे. एका श्रावणी सोमवारी नामदेव रजेवर होता म्हणून बाईंनी त्यांनाच धरलं. कडकडीत उपास, रिकामं पोट, बाई खूष. दहा मिनिटांनी नळी निघाली ती पांढरी फटक. मी नळीकडे बघितलं, बाईंनी नळीकडे बघितलं, गृहस्थांनी छताकडे बघितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, साबुदाणावड्याने होतं असं कधी कधी. ते गृहस्थ त्यानंतर बाई कंपनीत असेपर्यंत त्यांच्यासाठी बसमध्ये जागा धरत.

आता कामतसाहेब. पॅकिंग खात्याचे मुख्य, बारीक, उंच, सदा पोटात आग. पित्त इतकं की सकाळी मीठ घातलेली भाताची पेज सोडून काही पचायचं नाही, आणि औषधं बनवणाऱ्या कंपनीत आयुष्य गेलं तरी औषधावर विश्वास नाही. आमची खोली त्यांच्या हॉलला लागून होती आणि त्यांना खोकी ठेवायला जागा पुरत नव्हती. महिन्यातून एकदा ते मोजायची टेप घेऊन यायचे आणि आमची भिंत मोजायचे. बाई टेपचं दुसरं टोक धरायच्या. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला आमच्या खोलीत आम्ही दिसतच नव्हतो, खोकी दिसत होती.

चौथ्या वर्षी वरून पत्र आलं. मोठे साहेब हेड ऑफिसहून येणार, प्लेटलेटची खोली बघणार, आणि ती ठेवायची की पॅकिंगला द्यायची ते ठरवणार. आम्हाला दाखवायचं होतं ते इतकंच: साध्या पोरींना सेरोटोनिनने टेकडी येते आणि एक्केचाळीस दिलेल्या पोरींना येत नाही. आणि ती खरंच येत नव्हती. शिट्टी बंद. खोली वाचणार याबद्दल मला शंका नव्हती.

पण त्याच आठवड्यात बाईंनी नामदेवच्या रक्तावर आणखी एक नळी लावून बघितली होती. एक्केचाळीस दिलेल्या पोरींवर सेरोटोनिनच्या जोडीला कोलॅजन टाकलं. रक्तवाहिनी फाटली की आतून जे उघडं पडतं ते हे. पेन सरळ वर गेलं आणि तिथेच राहिलं. गुठळी. शिट्टी बंद करून काही उपयोग नव्हता, दुसरा ओरडणारा एकटाच सगळी इमारत खाली आणत होता. बाईंनी तीन वेळा करून बघितलं. मी म्हटलं, साहेबांना ही नळी माहीतच नाही, दाखवायची काय गरज आहे. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

साहेब यायच्या दिवशी माझी अशी त्रेधा उडाली की सांगता सोय नाही. नामदेवचं रक्त घेऊन झालं होतं, पोरी बाटलीत तयार होत्या, बाई फाटकावर गेल्या होत्या. मला एकाएकी वाटलं, सेरोटोनिनच खराब झालं असलं तर? बाटलीतलं थोडं पिवळं पाणी नळीत काढलं, घाईत पातळ केलेल्याऐवजी घट्ट मूळ द्रावणाचाच थेंब टाकला, हलवलं. झळाळी गेली. जीव भांड्यात पडला. आणि मग, पोरी कमी पडायला नकोत म्हणून, मी ती नळी परत बाटलीत ओतली. चार वर्षं बाईंनी शिकवलेलं सगळं माझ्या डोक्यातून त्या अर्ध्या मिनिटात पार निघून गेलं होतं. थोड्या वेळाने बाटलीतली झळाळी परत आली, बाईंनी येऊन बघितली, पसंत केली.

साहेब आले. जाड, गोरे, खिशाला तीन पेनं. बरोबर कामतसाहेब, टेपसकट. बाईंनी सभेची गोष्ट सांगितली, साहेब हसले. मग साध्या पोरींच्या नळीत सेरोटोनिन पडलं. बाईंनी टाचा उंचावल्या. पेन हललंच नाही. बाई टाचांवरच राहिल्या. दुसरी नळी. पेन सरळ. तिसरी. कागद नुसता पुढे सरकत होता, आणि कामतसाहेब खिडकीची रुंदी डोळ्यांनी मोजत होते.

पोरींना एकदा सेरोटोनिन चाखवलं की त्या बराच वेळ पुन्हा त्याला दाद देत नाहीत, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. मी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, मी बाटलीत ओतलंय म्हणून. मला वाटलं आता बाई मला खिडकीतून खाली टाकणार. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. अगदी पोट धरून. साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या की बघा, हे किती सुंदर झालं, हे तर आम्ही दाखवणारच नव्हतो. मग पदर खोचला, रक्त घ्यायची पेटी उघडली आणि विचारलं, "इथे दहा दिवसांत गोळी कुणी घेतली नाही?"

नामदेव आपला वाटा देऊन अंडी खात बसला होता, त्याच्याकडून लगेच दुसऱ्यांदा घ्यायला बाई तयार नव्हत्या. मी आदल्या रात्री घाबरून जन्मातली पहिली गोळी घेतली होती, ते सांगताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांना फारच उत्साह आला. त्यांनी स्वतःच बाही वर केली. गोळी घेतली नव्हती, पण येताना पुलापलीकडे थांबून त्यांनी काय काय खाल्लं होतं ते त्यांच्या नळीने सांगितलं. बाईंनी ती दुधाळ नळी साहेबांच्या हातात देऊन तब्येतीला जपायला सांगितलं. आणि मग सगळ्यांचं लक्ष हळूहळू एकाच माणसाकडे गेलं. पेज खाणारा, गोळीला न शिवणारा.

कामतसाहेबांनी टेप खिशात घातली आणि हात पुढे केला.

तासाभराने कामतसाहेबांच्या पोरी यंत्रात उभ्या राहिल्या. अशा पोरी मी आधी कधी बघितल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. थेंब पडला, पेन खाली गेलं, आणि मग चढलं ते अशी गोल, देखणी टेकडी काढून परत आलं. कामतसाहेब कागदावर वाकले. हे माझं आहे का, असं त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मग एक्केचाळीसची नळी: पेन सरळ, सपाट, गप्प. साहेबांनी टाळी वाजवली, कामतसाहेबांनीही वाजवली, कापूस दाबलेला हात विसरून. साहेब म्हणाले, मॅडम, खोलीचं टेन्शन सोडा, खोली तुमचीच. मी मागे उभी राहून रडायच्या बेतात होते.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "अजून एक नळी राहिली."

मी बाईंचा पदर ओढला. खरंच ओढला, लहान मुलीसारखा. मी म्हटलं, "बाई, राहू द्या ना ती."

"अर्धीच गोष्ट सांगितली तर ते खोटं होतं गं," बाई म्हणाल्या, आणि कोलॅजनची बाटली उघडली. कामतसाहेबांच्या पोरी एका क्षणात गोळा झाल्या. पेन वर गेलं आणि परत आलं नाही. बाईंनी साहेबांना नीट समजावून सांगितलं की जखमेत एकटं सेरोटोनिन कधीच नसतं, त्यामुळे एक्केचाळीस शास्त्र म्हणून छान आहे, औषध म्हणून कुचकामी. त्या तितक्याच आनंदाने सांगत होत्या. टाचांवर उभ्या राहून.

महिनाअखेरीला खोली पॅकिंगला गेली. बाईंना गोळ्या तपासायच्या खात्यात जागा देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. पुण्याला ओळखीच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यामागची पडवी देऊ केली होती. यंत्र कशात मोडतं हे कंपनीत कुणालाच सांगता येईना, म्हणून ते त्यांनी बाईंनाच देऊन टाकलं. शेवटच्या दिवशी किल्ली घ्यायला कामतसाहेब आले. किल्ली हातात घेऊन उभेच राहिले. मग म्हणाले, "बाई, मी तेव्हा हात पुढे करायला नको होता."

"वेडे आहात का कामत," बाई म्हणाल्या. "इतक्या गुणी पोरी तुमच्या, मला एकदा तरी भेटल्या." बाईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मला त्यांचा राग आला होता तेव्हा. खूप राग आला होता, आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती. मी यातलं काहीच केलं नाही.

नामदेवने यंत्र उचलून टेम्पोत मागे ठेवलं, भोवती गोणपाट कोंबलं. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी चढल्या, पाय खाली पोचत नव्हते. त्या ड्रायव्हरला त्यांनी पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बघितलं होतं. टेम्पो बेलापूरच्या रस्त्याला लागला आणि शंभर पावलं जाऊन हळू झाला, मग आणखी हळू. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मी आणि कामतसाहेब फाटकातून बघत होतो. काचेतून बाईंचे दोन्ही हात वरखाली होताना दिसत होते आणि ड्रायव्हर रस्ता सोडून त्यांच्याकडे बघत, तोंड उघडं टाकून गाडी चालवत होता.